न बोलावलेल्या पाहुण्याचा धडा

(गांवकऱ्यांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज बोलावयाचा विषय नम्रता आणि कृतज्ञता हा आहे. हे दोन शब्द ऐकतांच मागल्या रांगेंतील कांहीं मंडळींच्या कपाळाला आठी पडली, ती मला येथून दिसत आहे, आणि तिचा मला राग येत नाहीं. नम्रतेच्या उपदेशाचा आपल्या घरांत कधींच दुष्काळ नव्हता. सावकाराच्या ओटीखालीं उभें राहून बोलावें, कचेरींत हात जोडून तिष्ठत बसावें, थोरांच्या वाड्यावरून जातांना जोडे हातांत घ्यावे, आणि कोणीं कालचा तुकडा पदरांत टाकला तर साता जन्मांचे उपकार मानावे, ही नम्रता आपल्या वाडवडिलांनीं पोटभर भोगली. पिढ्यान् पिढ्या वाकून ज्यांच्या पाठीला पोक आलें त्यांना आणखी वाका असें सांगणारा मास्तर शहाणा नव्हे.

तेव्हां आरंभींच एक गोष्ट साफ करून घेऊं. भीतीनें मान वाकते तिला नम्रता म्हणूं नये, तिला लाचारी म्हणावें. पोटासाठीं आभार मानावे लागतात त्यांना कृतज्ञता म्हणूं नये, ती खुशामत होय. खरी नम्रता कशी असते आणि खरे उपकार कसे फेडावे, हें आपल्या मुलुखाला एका परक्या माणसानें दाखविलें. त्याला कोणीं बोलावलें नव्हतें. तो येईल असें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. तो वेशींतून आंत आला तेव्हां गांवानें त्याला ओळखलें नाहीं, आणि ओळख पटेतों तो पुढल्या गांवाच्या वाटेला लागलेला असे. त्या माणसाची हकीकत आज आपणांपुढें ठेवतों.

त्याचें नांव डेबूजी. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परिटाच्या घरीं त्याचा जन्म झाला. बापाचें नांव झिंगराजी, आईचें सखूबाई. बाप दारूच्या पायीं लौकर गेला, आणि आईनें लहानग्या डेबूला घेऊन दापुरें येथें माहेर गांठलें. तेथें डेबूनें गुरें राखलीं, मोठा झाल्यावर नांगर धरला. शाळेंत जाण्याचा योग आला नाहीं. मामाची शेती होती. मामानें सावकाराकडून कर्ज काढलें, आणि कागदावर काय लिहिलें आहे हें वाचणारें घरांत कोणी नव्हतें. जमीन कागदांत अडकली, आणि त्या हायेनें मामा गेला. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९५२ सालीं बाबांचें चरित्र लिहिलें. त्यांत हा सारा भाग आलेला आहे.

म्हणजे पाहा, मंडळी. दारूनें बाप नेला, अक्षराच्या अभावानें मामा नेला. हीं दोन दुःखें आपल्या किती घरांनीं पाहिलीं आहेत! पुष्कळ माणसें अशा घावानें कडू होतात, कांहीं व्यसनी होतात, कांहीं देवाला दोष देत आयुष्य काढतात. डेबूजीनें काय केलें? मुलीच्या बारशाला भावकीच्या रीतीप्रमाणें दारू आणि मटण करावयाचें, तेथें त्यानें गोड जेवण वाढलें. भाऊबंद रुसले, तरी त्यानें रीत मोडली ती मोडली. आणि १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्रीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो घरांतून बाहेर पडला. पुढें कित्येक वर्षें तो नुसता हिंडत होता. या हिंडण्यांतच डेबूजीचे गाडगेबाबा झाले.

वेष कसा, तें आपण चित्रांत पाहिलें आहे. अंगावर नाना चिंध्या जोडून केलेली गोधडी, एका कानांत कवडी, दुसऱ्या कानांत फुटक्या बांगडीची कांच, पायांत दोन तऱ्हेचे दोन जोडे, डोक्यावर किंवा हातांत एक फुटकें गाडगें, आणि दुसऱ्या हातांत खराटा. त्या गाडग्यांतच भाकरी घ्यावयाची, त्यांतच पाणी प्यावयाचें. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा, कोणी लोटकेमहाराज. नांव लोक ठेवीत, बाबांनीं स्वतःला एकहि पदवी घेतली नाहीं.

आतां हा माणूस एखाद्या गांवीं सकाळच्या प्रहरीं शिरला असें डोळ्यांपुढें आणा. कुत्रीं भुंकत आहेत, पोरें मागें लागलीं आहेत, एखादी बाई दार लोटून घेत आहे. वेडा, भिकारी, चोर, ज्याच्या मनाला येईल तें नांव त्याला मिळत आहे. तो उलट शब्द बोलत नाहीं. चावडीपुढची जागा, देवळाचें आवार, पाणवठ्याची वाट, तुंबलेली गटार, जेथें घाण अधिक तेथें त्याचा खराटा आधीं. दुपार झाली कीं एखाद्या दारांत उभा राहून तो भाकरी मागे, पण फुकट नव्हे. आधीं काम सांगा, मग तुकडा द्या, असा त्याचा रिवाज होता. लाकडें फोडून दिलीं, अंगण झाडून दिलें, मग गाडगें पुढें केलें. आणि रात्रीं त्याच झाडलेल्या जागेवर गोपाळाचें भजन आणि कीर्तन.

त्या कीर्तनांत पोथी नव्हती आणि संस्कृत नव्हतें. वऱ्हाडी बोली, आणि श्रोत्यांनाच सवाल. कर्ज काढून सण करणारा शहाणा कीं खुळा? नवसाला बकरें कापलें तर देव खातो कीं आपण खातों? माणसाला शिवूं नये असें कोणत्या देवानें सांगितलें? पोराला शाळेंत न घालतां त्याला गुरांमागें पाठवितो तो बाप कीं वैरी? अशा अर्थाचे प्रश्न ते विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देतां देतां आपल्याच तोंडानें आपला दोष कबूल करीत. हंसतां हंसतां डोळ्यांत पाणी यावें, असें तें कीर्तन. संपतां संपतां मंडळी पायां पडावयास धांवत. तोंवर बाबा अंधारांतून दुसऱ्या गांवीं निघालेले असत.

माझ्या धंद्याची गोष्ट म्हणून एक सांगतों. मास्तर म्हटला कीं आधीं तोंड चालवितो, हातानें काम मागाहून, कधीं कधीं मुळींच नाहीं. बाबांचा क्रम याच्या उलट होता. दिवसा खराटा, रात्रीं कीर्तन. हा क्रम त्यांनीं फिरविला असता, सकाळीं येऊन पारावर उभे राहिले असते आणि तुमचें गांव घाणेरडें आहे, साफ करा, असें म्हणाले असते, तर काय झालें असतें? चार शिव्या आणि दोन दगड. कारण शिकविणारा उंच उभा राहिला कीं ऐकणाऱ्याचा ताठा जागा होतो. येथें परका माणूस आपल्या दारापुढची घाण मुकाट्यानें काढतो आहे. त्यानें आपल्याला शब्दानें दुखविलें नाहीं, कोणावर बोट रोखलें नाहीं. मग ताठा रागवावयाचा कोणावर? दुपारपर्यंत एखादा पोरगा खराटा घेऊन बाहेर येई, मग त्याचा बाप येई, मग आळी येई. गांवाची मान त्या दिवशीं खालीं गेली ती कोणाच्या धाकानें नव्हे, आपल्याच लाजेनें गेली. अशी खालीं गेलेली मान माणसाला मोठा करते. हीच ती नम्रता.

यांतला पहिला धडा असा कीं नम्र माणूस कोणाचा मिंधा नसतो. बाबा कोणाच्या वाड्यावर वर्षासन मागावयास गेले नाहींत. भाकरीचा तुकडासुद्धां कामाच्या मोबदल्यांत घेतला. ज्याला कोणाचें कांहीं फुकट नको आहे, त्याच्यावर कोणाची सत्ता चालत नाहीं. म्हणून त्यांना श्रीमंताच्या तोंडावर खरें बोलतां येई आणि गरिबाच्याहि तोंडावर खरें बोलतां येई. आपल्यांत उलट दिसतें. पुढाऱ्यापुढें आपण मऊ मेण होतों, आणि घरीं येऊन बायकोवर, गड्यावर, शाळेच्या शिपायावर आवाज चढवितों. वरच्याला वांकणें आणि खालच्याला वांकविणें, या दोन्ही संवयी एकाच रोगाच्या आहेत.

दुसरा धडा पायांचा. बाबा कोणाला पायां पडूं देत नसत. आपला कोणी शिष्य नाहीं आणि आपण कोणाचे गुरु नाहीं, असें ते सांगत. आपल्याकडे तर साधूच्या पायांवर डोकें ठेवलें म्हणजे सगळें पावलें. मग त्यांनीं तें कां नाकारलें असावें? मला वाटतें, आपला स्वभाव त्यांनीं नीट ओळखला होता. पायां पडलें, नारळ फोडला, चार आणे ठेवले, कीं आपल्या मनांत हिशेब मिटतो. उपकार फिटले, आतां घरीं चला. उद्यां गटार पुनः तुंबली तरी चालेल. ज्याला पायांवर डोकें ठेवूं दिलें जात नाहीं त्याच्या मनांतली ती हुरहुर मिटत नाहीं. तो विचार करतो कीं या माणसाचे उपकार आतां फेडूं तरी कसे? आणि मग त्याला एकच वाट उरते, ती म्हणजे त्या माणसाचें काम आपण पुढें चालविणें.

अमरावती जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन नांवाचें गांव आहे. ऋणमोचन म्हणजे ऋणांतून सुटका. पौष महिन्यांत तेथें यात्रा भरते आणि लोक नदींत स्नान करतात. त्या काळीं नदीची उतरण मातीची, चिखलाची, निसरडी. बायाबापड्या पाण्यापर्यंत जातां जातां घसरत. हजारों माणसें येत, त्याच चिखलांतून जात, त्याच चिखलांतून परत येत, आणि ऋण फिटलें असें समजून घरीं जात. तेथें या माणसानें फावडें हातीं घेतलें आणि उतरण खणून लोकांना पाय ठेवावयास जागा करूं लागला. पुढें त्याच ठिकाणीं लोकांच्या मदतीनें पक्का घाट झाला. त्या यात्रेंत आंधळे, पांगळे, महारोगी यांना बाबा जेवूं घालीत, कपडे देत. बंधुभगिनींनो, त्या नदीवर ऋण कोणाचें फिटलें? बुडी मारून वर आलेल्याचें, कीं दुसऱ्याच्या पायाखालीं दगड बसविणाऱ्याचें? याचा निवाडा तुमचा तुम्ही करा.

ऋण हा शब्द आपल्या अंगावर कांटा आणणारा आहे, कारण आपल्याला सावकाराचें ऋण तेवढें ठाऊक. तें ऋण काढूं नका, म्हणून बाबांनीं जन्मभर सांगितलें. पण दुसरें एक ऋण आहे, त्याचा कागद होत नाहीं, त्यावर अंगठा उठवावा लागत नाहीं, आणि तें कोणी नाकारलें तर कोर्टांत दावा चालत नाहीं. सकाळपासून हिशेब करून पाहा. ज्या तव्यावर भाकरी भाजली तो लोहारानें घडविला. ज्या माठांतलें पाणी प्यालां तो कुंभारानें भाजला. पायांतली वहाण चांभारानें शिवली. खाटेचे पाय सुतारानें तासले. आज यांतलें पुष्कळ कारखान्यांत होतें, पण तेथेंहि हात कोणाचे तरी आहेतच. आणि सुताराच्या, लोहाराच्या ताटांतली भाकरी शेतकऱ्यानें पिकविली. कोणीहि एकटा जेवत नाहीं.

पूर्वी बलुत्याची चाल होती, ती म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल. वर्षभर ज्यानें काम केलें तो बलुतेदार सुगीला खळ्यावर येऊन हात पसरून उभा राही, आणि धनी त्याला सुपानें धान्य घाली. घालतांना धन्याच्या तोंडावर दात्याचा भाव, घेतांना बलुतेदाराच्या तोंडावर याचकाचा भाव. वास्तविक पाहतां तें वर्षभराच्या कामाचें देणें होतें. देणें फेडणारा स्वतःला दाता समजे आणि आपलें हक्काचें घेणारा भिकारी ठरे. उपकाराचा हिशेब असा उलटा मांडला गेला, आणि गांवांतला मोठा रोग तेथूनच आला. गाडगेबाबा परिटाच्या घरचे. दुसऱ्याचा मळ धुणाऱ्याच्या घरांत ते जन्मले. हा उलटा हिशेब त्यांना पोथींतून शिकावा लागला नाहीं. म्हणूनच काम आधीं आणि भाकरी मागाहून, हा नियम त्यांनीं चारचौघांच्या डोळ्यांपुढें पाळला. भाकरी ही कामाची किंमत आहे, दान नव्हे, हें त्यांनीं दारोदार दाखविलें.

लोकांनीं त्यांना पुढें पैसाहि पुष्कळ दिला. त्याचें काय केलें? पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरांत ज्या जातींच्या वारकऱ्यांना कोणी ओसरीसुद्धां देत नसे, त्यांच्यासाठीं चोखामेळ्याच्या नांवानें धर्मशाळा झाली. १९४९ सालीं तेथली इमारत बाबांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, कीं तेथें मुलांची सोय व्हावी. अन्नछत्रें झालीं, गोरक्षणाचीं कामें झालीं, शाळा आणि वसतिगृहें झालीं. बाबा मात्र गाडग्यांतली भाकरी खात राहिले.

मुंबईस टाटांच्या रुग्णालयांत कर्करोगाचा इलाज करावयास खेड्यांतलीं माणसें जातात. औषधापेक्षां आधीं चिंता पडते ती राहावयाची. रुग्णाला घेऊन फुटपाथावर किती दिवस काढावे? दादरला गाडगेमहाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा आहे, तेथें असे रुग्ण आणि त्यांचे सोबती उतरतात. १९५६ सालीं गेलेल्या एका परिटाच्या मुलाचे उपकार आजहि असे पोहोंचतात. घेणाऱ्याला देणाऱ्याचें तोंड पाहावयास मिळत नाहीं, आणि पायां पडावें म्हटलें तर पाय नाहींत. असल्या उपकाराची फेड देणाऱ्याला करतां येत नाहीं. ती पुढल्या गरजवंतालाच करावी लागते.

विद्येची गोष्ट तर मला मास्तर म्हणून फारच लागते. ताट मोडावें लागलें तरी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शिकवा, असें ते सांगत. स्वतःला अक्षर आलें नाहीं, पण ज्यांनीं खेड्यांतल्या पोरांसाठीं वसतिगृहें काढलीं त्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पाठीशीं ते उभे राहिले. १९५४ सालीं रयत शिक्षण संस्थेनें कराडला महाविद्यालय काढलें, त्याला गाडगेमहाराजांचें नांव दिलें. २००५ सालीं अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचें नांव लागलें. शिकलेल्या माणसानें शिक्षणाचा गर्व करूं लागण्यापूर्वीं या दोन इमारतींवरचीं नांवें एकदां वाचावीं. न शिकलेल्या माणसानें आपल्याला शिकावयास पाठविलें आहे, ही आठवण पदवीच्या कागदाबरोबर घरीं न्यावी.

येथें एक तरुण उठून मला विचारील, आणि त्यानें विचारावें, कीं मास्तर, हें सारें ठीक, पण खराट्याचें एवढें कौतुक कशाला? शेंकडों वर्षें विशिष्ट जातींच्या हातांत जन्मतःच खराटा दिला. आतां कोठें त्यांचीं मुलें पुस्तक धरूं लागलीं, तर पुनः खराट्याची आरती? हा सवाल रास्त आहे, आणि याचें उत्तर दिल्यावांचून गाडगेबाबांचें नांव घेण्याचा आपल्याला अधिकार नाहीं.

उत्तर असें. जन्मानें हातांत दिलेला खराटा ही सक्ती होय. ती मोडलीच पाहिजे. १९९३ सालीं आणि पुनः २०१३ सालीं सरकारनें हातानें मैला काढण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे केले. तरीहि शहरांतल्या गटारांत आणि टाक्यांत उतरून माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या येतात. तेथें मरणारा कोणत्या वस्तीचा असतो हें आपण जाणतों. बाबांनीं खराटा घेतला तो एका जातीच्या हातांत तो कायम राहावा म्हणून नव्हे, तर एका जातीच्या हातांतून काढून साऱ्या गांवाच्या हातांत द्यावा म्हणून. पाटलाच्या पोरानें, वाण्यानें, मास्तरानें, सर्वांनीं तो धरला पाहिजे. घाण सर्वांची आणि झाडणारा एकटा, ही रीत मोडणें हा त्या खराट्याचा अर्थ. ज्या गांवांत बाबांच्या तसबिरीला हार घालतात आणि गटार उपसावयास मात्र ठराविक वस्तींतला माणूस बोलावतात, त्या गांवानें तो हार काढून ठेवावा हें बरें.

२००० सालीं सरकारनें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेचें अभियान सुरू केलें. पुष्कळ गांवांनीं मनापासून काम केलें, त्यांना शाबासकी दिली पाहिजे. पण कोठें कोठें असेंहि झालें कीं तपासणीच्या दिवशीं गांव आरशासारखें आणि महिन्यानंतर पूर्वीसारखें. खराटा हातांत धरून फोटो काढावयाचा, फोटो निघाला कीं खराटा शिपायाच्या हातांत. याला काय म्हणावें? फोटोवाला जवळ नसतांना जो झाडतो तो बाबांचा माणूस.

दुसरा एक म्हणेल, मास्तर, साधूची गोष्ट वेगळी, आम्ही प्रपंचाचीं माणसें, घरदार सोडून आम्हांस कसें चालेल? घर सोडा असें कोणीच म्हणत नाहीं. नव्हे, मी म्हणतों, घरांतच राहा. बाबांनीं जें दूरदूर चालत जाऊन शिकविलें तें आपल्याला वेशीपर्यंत चालत जाऊनहि करतां येईल. कारण न बोलावलेलीं परकीं माणसें आजहि आपल्या वेशीशीं येतात. त्यांच्याकडे आपण पाहतों कसें, एवढाच प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्यांतून ऊसतोडीची माणसें येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत जातात. कापणीच्या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोन जिवंत माणसें, आणि मोजतांना हत्याराच्या नांवानें मोजावयाचीं! घर सोडण्यापूर्वींच मुकादमाकडून त्यांनीं उचल घेतलेली असते, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस उजाडतो तो कर्जांतच. सूर्य उगवण्याआधीं फडांत, रात्रीं गांवाबाहेर पाचटाच्या खोपींत. आपल्या चहांतली साखर त्यांच्या हातून आली. आपला ऊस वेळेवर तोडला गेला म्हणून आपलें बिल निघालें. आणि आपण त्यांना काय म्हणतों? ते टोळीवाले. त्यांच्या बाईनें हापशावर घागर लावली तर आपल्या घरची बाई कुरकुरते. त्यांचें पोर शाळेच्या कुंपणाशीं उभें राहून आंत पाहतें, तर आपण त्याला हाकलतों.

गाडगेबाबा आज वेशींतून आले तर अशाच वेषांत येतील हें लक्षांत ठेवा. तेव्हांहि गांवांनीं त्यांना भिकारी म्हणून हाकललें होतें. त्या गांवांतल्या म्हाताऱ्यांना पुढें जन्मभर त्याची चुटपुट लागली असेल. थोर माणूस थोराच्या वेषांत आला तर त्याला ओळखण्यांत पुरुषार्थ कसला? आणि समजा, आलेला माणूस थोर नसला, साधा कष्टकरीच असला, तरी त्याचें देणें आपल्याकडे आहेच.

म्हणून कांहीं गोष्टी सुचवितों. त्यांना पैसा लागत नाहीं. टोळी आली कीं पहिल्याच दिवशीं चार बायांनीं खोपीवर जाऊन पाणी कोठें मिळेल तें सांगावें, आणि त्यांचीं नांवें विचारावीं. माणसाला नांवानें हांक मारली म्हणजे तो कोयता राहत नाहीं. त्यांच्या मुलांना शाळेंत धाडावें. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आधींच्या शाळेचा दाखला नाहीं किंवा वयाचा पुरावा नाहीं म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. कोणी नाकारूं लागला तर गांवानें मुलाच्या बाजूनें उभें राहावें. मजुरी ठरली ती ठरल्या दिवशीं द्यावी, आणि देतांना दात्याचा आव आणूं नये. गांवची गटार उपसण्याची पाळी लावावी, आणि त्या पाळींत एकहि घर वगळूं नये, मास्तराचें तर मुळींच नको. ज्यानें आपलें काम केलें त्याला पाणी देतांना वेगळा पेला शोधूं नये.

या गोष्टी लहान आहेत म्हणून हंसूं नका. बाबांचा खराटा तरी केवढा होता?

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवर वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलाशीं गाडगेबाबांनीं देह ठेवला. आपलें देऊळ बांधूं नये, मूर्ति बसवूं नये, अशी त्यांची सांगी होती. आपण तिला जुमानलें नाहीं, ठिकठिकाणीं पुतळे उभे केले. पुतळे आहेत ते राहूं द्या. पण पुतळ्याला कोणाचें देणें नसतें आणि घेणेंहि नसतें. आपलें देणें जिवंत माणसांशीं आहे.

येत्या रविवारीं सकाळीं सहा वाजतां हापशापासून ओढ्यापर्यंतची गटार काढावयाची आहे. प्रत्येक घरानें एक माणूस आणि एक फावडें किंवा खराटा पाठवावा. हार, नारळ आणि फोटोवाला कोणीं आणूं नये. ओढ्याकांठीं टोळी उतरली आहे. काम झाल्यावर भाकरी त्यांच्यासंगतीं खाऊं, आणि प्रत्येकानें आपापली भाकरी बांधून आणावी.